कॉफीची सवय असलेल्या जिभेला चहा कसा ओळखीचा करावा

माटुंग्याला आमच्या शेजारी एक तमिळ मामी राहायच्या. सकाळी साडेसहाला त्यांच्या पितळी फिल्टरमधून डिकॉक्शन ठिबकायला लागलं की वास जिन्यापर्यंत यायचा. आमच्याकडे चहा. वडील बशीत ओतून प्यायचे, आजी गवती चहाची पात चुरगाळून आधणात टाकायची. मी मात्र अकरावीपासून मामींच्या कॉफीची झाले आणि पुढे पंचवीस वर्षं चहाला हात लावला नाही. कुणी कप पुढे केला की म्हणायची, "मला चहा आवडत नाही." खरं म्हणजे मला चहा माहीतच नव्हता. मला माहीत होतं ते दूध, साखर आणि आलं घालून उकळलेली भुकटी. तीही चांगली असू शकते, तिच्याकडे पुढे येतेच. पण तेवढ्यावरून चहा आवडत नाही म्हणणं म्हणजे फक्त आमटी चाखून डाळ आवडत नाही म्हणण्यासारखं आहे.

एकदा एका मैत्रिणीने सिलिगुडीहून येताना दार्जिलिंगची शंभर ग्रॅम पत्ती आणली. आम्ही ती घरच्या रिवाजाप्रमाणे आलं ठेचून, अर्धं दूध घालून पाच मिनिटं खळखळ उकळली. रंग येईना म्हणून आणखी दोन चमचे टाकली, आणखी उकळली. हाती आलं ते फिकट आणि कडवट दूध. "पत्तीत दम नाही" असं ठरवून डबा मागे सारला आणि दीड वर्षाने टाकून दिला. त्या डब्याची मला आजही हळहळ वाटते. चूक पत्तीची नव्हती. मी चहाकडून कॉफीचं काम करून घेऊ पाहत होते.

गेली सहा वर्षं मी दोन्ही पिते, सकाळी कॉफी आणि दुपारनंतर चहा. कॉफी सोडा असं सांगायला हा लेख नाही. कॉफी मनापासून आवडणाऱ्या माणसाला चहाही कळावा, एवढ्यासाठी आहे. सगळ्यात कामाची गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: चहा कडक हवा असेल तर पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका.

तुरट आणि कडू यांतला फरक

कॉफीवाल्याला कोरा चहा पहिल्या घोटात नकोसा का होतो? कॉफीची मुख्य चव कडू आहे आणि त्या कडूपणावर आपण प्रेम करायला शिकलेलो असतो. चहाची मुख्य खूण मात्र तुरटपणा आहे. कडू ही चव आहे, कारल्यासारखी, मेथीसारखी. तुरट हा चवीपेक्षा स्पर्श जास्त. जीभ खरखरीत होते, गालांच्या आतली बाजू आवळल्यासारखी वाटते. कच्चं केळं किंवा अर्धवट पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर होतं तसं. चहातले टॅनिनसारखे पदार्थ लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, म्हणून तोंड कोरडं वाटतं.

आता आवळा आठवा. आवळा चावून खाल्ला की तोंड तुरट होतं, आणि त्यावर साधं पाणी प्यायलं की ते पाणी गोड लागतं. चांगल्या चहात अशीच जोडी असते. आधी थोडा तुरटपणा, मग घोट गिळून झाल्यावर घशाच्या मागून हळूच येणारा गोडवा. कॉफीत आपण घोट तोंडात असताना चव शोधतो. चहात घोट गेल्यानंतरची दहा-पंधरा सेकंदं महत्त्वाची असतात. सुरुवातीला प्रत्येक घोटानंतर थांबा, श्वास नाकातून बाहेर सोडा, मग दुसरा घोट घ्या. एवढ्या एका सवयीने मला चहा उमगायला लागला.

तुरटपणा जास्त झाला तर मात्र गोडवा येत नाही, नुसती कोरड राहते. आणि तो जास्त होतो बहुतेक वेळा पत्ती पाण्यात फार वेळ राहिल्याने. वरचा नियम आला तो इथूनच.

आपण कोणती कॉफी पिता ते आधी ठरवा

"चहा कुठला घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "कॉफी कुठली पिता?"

चिकोरी घातलेली, दुधाची, दाट फिल्टर कॉफी ज्यांच्या जिवाची आहे त्यांनी आसामपासून सुरुवात करावी. आसामच्या चहात माल्टसारखी, भाजलेल्या धान्याची भरीव चव असते आणि तो दुधाखाली दबत नाही.

काळी, खरपूस भाजलेल्या बियांची कॉफी पिणाऱ्यांना आसामच्या जोडीला भाजलेले चहा जवळचे वाटतील. जपानचा होजिचा, चीनच्या फूच्यान प्रांतातल्या वूयी डोंगरातले कोळशावर शेकलेले उलाँग, किंवा त्याच भागातला पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेला लापसांग सूचाँग. हा शेवटचा फार टोकाचा आहे. त्याला चुलीजवळच्या लाकडांचा वास येतो. काहींना पहिल्याच दिवशी आवडतो, काहींना कधीच नाही.

हलकी भाजलेली, फळांचा आणि फुलांचा वास असलेली चिकमगळूर-कुर्गची कॉफी जे वजन करून, हाताने पाणी ओतून करतात, त्यांच्यासाठी दार्जिलिंगची पहिली खुडणी, निलगिरीचा हिवाळी चहा आणि हलके उलाँग. खरं सांगते, या मंडळींना चहा सगळ्यात लवकर लागतो, कारण त्यांची जीभ आधीच वासाच्या मागे असते.

आणि फेटलेली इन्स्टंट कॉफी पिणाऱ्यांनीही आसामपासूनच सुरू करावं, साखर मात्र पहिल्या आठवड्यात अर्धी करावी. पूर्ण बंद केली तर वैताग येतो आणि माणूस परत फिरतो.

हे सगळे चहा एकाच झाडाचे आहेत, कॅमेलिया सायनेन्सिसचे. त्याच्या दोन मुख्य जाती: बारीक पानाची चिनी आणि मोठ्या पानाची आसामी. हिरवा, उलाँग, काळा हा फरक खुडल्यानंतरच्या कामाने होतो. पान मळलं, चुरगाळलं की हवा लागून ते तांबूस-काळं पडू लागतं, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखं. ते लगेच उष्णता देऊन थांबवलं की हिरवा चहा, अर्ध्या वाटेवर थांबवलं की उलाँग, पूर्ण होऊ दिलं की काळा. गवती चहा ह्या झाडाचा नव्हेच. ते सुगंधी गवत आहे आणि त्यात कॅफीन नसतं.

भांडी, पाणी, वजनकाटा

नवीन काही विकत घ्यायची घाई नको. झाकणी असलेलं छोटं स्टीलचं पातेलं किंवा चिनी मातीचा मोठा मग, आणि बारीक जाळीचं गाळणं एवढ्यावर भागतं. घरी फ्रेंच प्रेस असेल तर ती चहाला उत्तम, फक्त दट्ट्या खाली दाबून पत्ती पिळू नका, जाळी नुसती गाळण्यापुरती वापरा. पण आधी ती खायचा सोडा आणि गरम पाण्याने दोनदा धुवा. कॉफीचं तेल जाळीत बसलेलं असतं आणि चहाला त्याचा जुनाट वास लागतो. दाक्षिणात्य फिल्टर चहासाठी वापरू नका. त्याच्या बारीक भोकांतून पाणी आपल्या वेगाने ठिबकतं, त्यामुळे वेळ हातात राहत नाही. कॉफी दळायच्या ग्राइंडरमध्ये चहाची पत्ती घालायचा विचारही नको.

कॉफीवाल्यांची एक जमेची बाजू म्हणजे वजनकाटा आणि टायमर बहुतेकांकडे आधीच असतात. ते काढा. कोऱ्या चहासाठी २०० मिली पाण्याला २.५ ग्रॅम पत्ती हे सुरुवातीचं माप. कॉफीला आपण एवढ्याच पाण्यात १२-१३ ग्रॅम घालतो, म्हणून हे माप फार थोडं वाटतं. पण चमच्याने मोजायला गेलात तर फसाल. बारीक गोळीच्या चहाचा एक चमचा अडीच-तीन ग्रॅम भरतो आणि दार्जिलिंगच्या लांब, फुलक्या पत्तीचा तोच चमचा एक-दीड ग्रॅमच.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण निम्मे कप इथे बिघडतात. बोअरच्या जड पाण्यात चहाचा रंग काळपट येतो, वर तेलकट दिसणारी साय धरते आणि वास दबतो. आपल्याकडे कपावर अशी साय दिसली तर पत्तीला नावं ठेवण्याआधी पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरून पाहा. उलट, अगदी सगळे क्षार काढलेल्या पाण्यातही चहा सपक लागतो. अशा वेळी मी अर्धं आरओचं आणि अर्धं नळाचं पाणी गाळून, उकळून घेते. आणि तेच तेच पाणी पुन्हा उकळत ठेवू नका, दर वेळी ताजं घ्या.

तापमान मोजायचं यंत्र नसेल तर साधा हिशेब आहे. तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी माठातलं किंवा नळाचं पाणी एकत्र केलं की साधारण ८० अंश मिळतं. उकळी आल्यावर गॅस बंद करून, झाकण काढून दोनेक मिनिटं थांबलं की नव्वदच्या आसपास येतं.

पहिला आठवडा आसामचा

बाजारात दिसणारा बहुतेक भारतीय चहा सीटीसी असतो. दातेरी रोलरमधून पान चिरडून, फाडून, वळवून त्याच्या बारीक गोळ्या करतात. ही पद्धत १९३०च्या दशकात आसामात आली. गोळी लहान असल्याने रंग आणि कडकपणा झटपट उतरतो, दुधाच्या चहाला तेच हवं असतं. कोरा चहा शिकायला मात्र ऑर्थोडॉक्स म्हणजे अखंड, वळलेल्या पानाचा आसाम घ्या. शक्यतो सेकंड फ्लश, मे-जूनच्या खुडणीचा. पत्तीत सोनेरी टोकं दिसतील, त्या कोवळ्या कळ्या असतात.

पहिल्याच रविवारी हा प्रयोग करा. अर्धा तास लागतो आणि दहा लेख वाचून जे कळणार नाही ते कळतं.

४०० मिली पाणी उकळून मोठ्या मगात किंवा प्रेसमध्ये घ्या, ५ ग्रॅम पत्ती टाका, टायमर लावा. शेजारी सहा वाट्या ओळीने मांडून ठेवा. एक मिनिट झालं की गाळण्यातून दोन-तीन चमचे पहिल्या वाटीत. दोन मिनिटांनी दुसऱ्या वाटीत. मग तीन, चार, पाच आणि शेवटची वाटी सातव्या मिनिटाला. थोडं निवू द्या. कोमट झालेला चहा आपले दोष लपवू शकत नाही. मग पहिल्या वाटीपासून चाखत जा, चमच्याने, सुर्र आवाज करत, हवेसकट ओढून. घरात हसतील, हसू द्या. चहाचे परीक्षक असंच करतात, कारण वास तोंडातून नाकात जायला हवेची गरज असते.

पहिल्या वाटीत वास असतो, पण अंग नसतं. दुसरीत गोडसर. तिसऱ्या-चौथ्या वाटीत ती भाजक्या धान्याची चव भरून येते. पाचवीपासून रंग फारसा बदललेला दिसत नाही, पण हिरड्या आवळायला लागतात. सातव्या मिनिटाच्या वाटीत गोडवा संपलेला असतो आणि जिभेवर लोकर फिरवल्यासारखं वाटतं. तुमची वाटी तिसरी की चौथी, हे तुम्हीच ठरवा आणि तो वेळ लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी तोच वेळ ठेवून २०० मिलीला एकदा २.५ ग्रॅम आणि एकदा ४ ग्रॅम घालून पाहा. चार ग्रॅमचा कप कडक लागेल, भरीव लागेल, पण सातव्या मिनिटाच्या वाटीसारखा तोंड सुकवणार नाही. कॉफीवाल्याला चहात जो जोर हवा असतो तो हा. पुढचे आठ दिवस रोज एक कप असाच, बिनदुधाचा.

दार्जिलिंग, नीट केलेलं

दार्जिलिंगमध्ये लागवडीची सुरुवात १८४१ साली आर्चिबाल्ड कॅम्पबेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने केली, चिनी जातीच्या बियांपासून. आज तिथले ८७ मळे 'दार्जिलिंग' हे नाव लावू शकतात. भौगोलिक निर्देशांक मिळालेलं हे भारतातलं पहिलं उत्पादन. पाकिटावर दोन पानं आणि कळी हातात धरलेल्या स्त्रीचं चित्र असलेलं टी बोर्डाचं चिन्ह शोधा. त्याशिवाय नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका.

हिवाळ्यात झाडं निजलेली असतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत जी पहिली पालवी खुडतात ती फर्स्ट फ्लश. हा म्हणायला काळा चहा, पण पत्ती हिरवट-करडी आणि कपात रंग फिकट सोनेरी, कारण पानं मळण्याआधी खूप सुकवलेली असतात आणि त्यामुळे ती पूर्ण काळी पडत नाहीत. माझ्या घरी आम्ही "रंग येईना" म्हणून उकळत राहिलो तो हाच चहा. त्याला रंग यायचाच नसतो. नव्वद अंशांचं पाणी, २.५ ग्रॅम, तीन मिनिटं, झाकण ठेवून. दूध नको, लिंबू नको. वास फुलांचा, किंचित कच्च्या बदामाचा.

मे-जूनची दुसरी खुडणी वेगळी. त्या दिवसांत हिरवे तुडतुडे कोवळ्या पानांचा रस शोषतात. झाड त्या हल्ल्याला उत्तर म्हणून काही सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि त्यातून पिकलेल्या द्राक्षासारखा वास येतो. त्याला मस्कटेल म्हणतात. किडीने खाल्लेलं पान महाग विकलं जावं, हे मला फार विलक्षण वाटतं. फळांच्या वासाची कॉफी ज्यांना आवडते त्यांनी हा चहा चुकवू नये. पाणी थोडं जास्त गरम, ९५ अंश, साडेतीन मिनिटं.

पावसाळ्यातला दार्जिलिंग साधा असतो. स्वस्त दिसला म्हणून पहिल्या महिन्यात घेऊ नका.

हिरवा चहा: एवढी वाईट ओळख का होते?

वजन कमी करायला म्हणून आणलेल्या पिशव्या, त्यावर उकळतं पाणी, आणि पिशवी कपातच ठेवून टीव्ही बघत वीस मिनिटांनी प्यायलेला तो कडू काढा. बहुतेकांची हिरव्या चहाशी ओळख अशी झालेली असते. पिशवीत बव्हंशी चुरा असतो, तो झटपट उतरतो आणि झटपट कडू होतो.

पत्ती घ्या. वर सांगितलेलं ८० अंशांचं पाणी घ्या. दोन मिनिटं, आणि पूर्ण गाळून घ्या. एक थेंबही पत्तीवर राहू देऊ नका, नाहीतर दुसऱ्या वेळी वापरायला ती कडू होते. हांगचौचा लाँगजिंग कढईत परतून केलेला असतो, त्याला भाजलेल्या शेंगदाण्याकडे झुकणारी चव असते आणि कॉफीवाल्याला तो सोपा जातो. जपानचा सेंचा वाफवलेला. त्याला ओल्या गवताचा, समुद्री शेवाळाचा वास येतो. मला तो आवडायला दोन वर्षं लागली. भारतात हिमाचलच्या कांग्ड्यात, पालमपूरभोवती चांगला हिरवा चहा होतो. १९०५च्या भूकंपाने तिथले मळे उद्ध्वस्त केले होते, आता तिथला चहा पुन्हा शोधून घ्यावा असा आहे.

फेस आणि दाटपणा हवाच असेल तर माचा. सावलीत वाढवलेल्या पानांची ही पूड पाण्यात फेटून प्यायची असते, गाळायची नसते. २ ग्रॅम पूड, ७०-८० मिली ऐंशी अंशांचं पाणी. पूड आधी चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या जात नाहीत.

उलाँग आणि एकाच पत्तीचे पाच कप

कॉफीचा चोथा एकदा वापरला की संपला. उलाँगची पत्ती एकदा भिजली की तिथून सुरुवात होते.

इथे माप बदलतं. ५ ग्रॅम पत्ती, पाणी फक्त १०० मिली, तेही जवळजवळ उकळतं, आणि वेळ अर्धा मिनिट. मग तीच पत्ती पुन्हा, दर वेळी दहा-पंधरा सेकंद वाढवत. चिनी लोक यासाठी झाकणाचा छोटा वाडगा वापरतात. मी आजीची चिनी मातीची लोणच्याची बुटकी बरणी स्वच्छ उकळून घेऊन दोन महिने चालवली, झाकण तिरकं करून ओतायचं. पत्ती पहिल्यांदा लहान मिरीच्या दाण्यासारखी घट्ट असते. तिसऱ्या ओतण्याला अख्खं पान उलगडतं, देठासकट, आणि तळहातावर घेऊन त्याच्या शिरा बघता येतात. फूच्यानमधल्या आनशीचं थिएग्वानयिन किंवा तैवानचे उंच डोंगरातले उलाँग यासाठी घ्यावेत. पहिला कप फुलांचा, तिसरा लोण्यासारखा मऊ, पाचवा नुसता गोड. आवळ्यानंतरच्या पाण्याची आठवण मला सर्वांत जास्त इथेच येते.

युन्नानचा पूअर हा आणखी वेगळा प्रकार. त्यातला 'पिकवलेला' पूअर गडद कॉफीसारखा काळा उतरतो आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा, जुन्या लाकडी कपाटाचा वास असतो. पहिलं गरम पाणी दहा सेकंदांत ओतून टाका, दुसऱ्यापासून प्या. तुरटपणा जवळजवळ नसतोच. ज्यांना तुरट अजिबात सहन होत नाही त्यांना मी थेट हाच देते.

आता दुधाचा चहा

कोरा चहा महिनाभर प्यायल्यावर दुधाच्या चहाकडे परत या. तोही वेगळा लागायला लागतो. दुधातली केसीन ही प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना धरतात, म्हणून इथे आपण कडक उकळू शकतो. सीटीसीचं खरं काम हेच.

दोघांसाठी २०० मिली पाणी, ठेचलेलं आलं पाण्यातच घालून तीन मिनिटं उकळा. आलं गरम दुधात कच्चं टाकलं तर दूध नासण्याचा धोका असतो. मग ५ ग्रॅम आसाम सीटीसी, दोन मिनिटं. मग १५० मिली आधीच तापवलेलं दूध, दोन उकळ्या, बंद. वेलची सगळ्यात शेवटी, झाकण ठेवून मिनिटभर. गूळ घालायचा असेल तर गॅस बंद केल्यावर, नाहीतर दूध फाटतं. फिल्टर कॉफीच्या माणसांना माझा सल्ला असा की पहिल्यांदा आलं-वेलची काही न घालता नुसता चहा, दूध आणि अगदी थोडी साखर घ्या. चांगल्या पत्तीची चव मसाल्याखाली हरवते. पुण्याच्या अमृततुल्यातला वेलची-सुंठीचा चहा मी आवडीने पिते, पण तो शिकण्याचा चहा नव्हे.

कॉफी कमी करणार असाल तर

सकाळची कॉफी तशीच ठेवा. आधी दुपारी चारची कॉफी बदला. एक कप कॉफीतून साधारण ९० ते १०० मिलिग्रॅम कॅफीन मिळतं, एक कप काळ्या चहातून ३० ते ५०. गंमत म्हणजे वजनाला वजन धरलं तर चहाच्या पत्तीत अरेबिका बियांपेक्षा कॅफीन जास्त असतं, पण आपण पत्ती फार थोडी वापरतो. अचानक सगळी कॉफी बंद केली तर दुसऱ्या दिवशी डोकं धरतं आणि ते काही दिवस टिकू शकतं. म्हणून दर चार-पाच दिवसांनी एकच कप बदला. चहात थिॲनिन नावाचं अमिनो आम्लही असतं. कॉफीसारखी झटक्यात येणारी आणि झटक्यात उतरणारी तरतरी चहात मला जाणवत नाही, ती सावकाश येते. संध्याकाळी सहानंतर मी होजिचा घेते, त्यात कॅफीन कमी असतं.

एक गोष्ट बायकांना मुद्दाम सांगते. जेवताना किंवा जेवून उठल्या उठल्या चहा पिऊ नका. भाज्या, डाळी, नाचणीतलं लोह शरीरात शोषलं जाण्यात चहा अडथळा आणतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवण आणि चहा यांत किमान तासाचं अंतर ठेवा. कॉफीचंही तेच. गरोदरपणात दिवसाचं एकूण कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, त्यात चहा आणि कॉफी दोन्ही धरायचे.

उन्हाळ्यातली सोय

कोल्ड ब्रू कॉफी करणाऱ्यांना हे पाच मिनिटांत जमेल. एक लिटर पिण्याच्या पाण्यात ८-१० ग्रॅम निलगिरी ऑर्थोडॉक्स, झाकण लावून फ्रिजमध्ये सहा ते आठ तास, मग गाळून घ्या. थंड पाण्यात कडू आणि तुरट द्रव्यं कमी उतरतात, त्यामुळे साखरेविना गोडसर लागतो. आसाम थंड केला की बहुधा गढुळतो. निलगिरी स्वच्छ राहतो आणि कुन्नूर-कोटगिरीकडचा डिसेंबर-जानेवारीचा चहा मिळाला तर वासही सुंदर. दोन दिवसांत संपवा.

विकत घेणं आणि जपणं

कॉफी भाजल्याची तारीख बघून घेता ना? चहाच्या पाकिटावर खुडणीचं वर्ष आणि महिना किंवा फ्लश बघा. नुसतं 'प्रीमियम' लिहिलेलं असेल आणि प्रदेश, मळा, हंगाम काहीच नसेल तर ठेवून द्या. एका वेळी २५ किंवा ५० ग्रॅमच घ्या. सुरुवातीला एक आसाम, एक दार्जिलिंग, एक उलाँग, बस. सहा प्रकार एकदम आणले की कुठलाच नीट ओळखीचा होत नाही.

चहा वास फार लवकर धरतो. मसाल्याच्या कपाटात ठेवलेल्या माझ्या निलगिरीला महिन्याभरात गोड्या मसाल्याचा वास लागला होता. हवाबंद, अपारदर्शक डबा, शेगडीपासून दूर. रोजचा काळा चहा फ्रिजमध्ये ठेवू नका, डबा उघडताना आत दमट हवा शिरते आणि पत्ती ओल धरते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे दमट महिने धोक्याचे. मी त्या काळात मोठा डबा उघडतच नाही. आठवड्यापुरती पत्ती छोट्या डबीत काढून घेते, तीही हात कोरडे करून, स्वयंपाकघरात वाफ नसताना. आणि कॉफीच्या डब्याचा शेजार तिला कधीही नको.

वर्षाची आखणी मग आपोआप होते. जानेवारी-फेब्रुवारीत निलगिरीचा हिवाळी चहा बाजारात येतो, एप्रिल-मेमध्ये दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, जुलै-ऑगस्टपर्यंत आसाम आणि दार्जिलिंगची दुसरी खुडणी. दर वेळी मागच्या वर्षीची चमचाभर पत्ती शिल्लक ठेवा आणि नवी आली की दोन्ही शेजारी शेजारी करून पाहा, एकच वजन, एकच पाणी, तीन मिनिटं.